लाल ढबू मिरची: रंग, गोडवा आणि पोषण

पणजी, मडगाव किंवा म्हापशाच्या बाजारात हिरवी आणि लाल ढबू मिरची शेजारी शेजारी मांडलेली असते, आणि लाल मिरचीचा भाव हिरवीपेक्षा बहुधा बराच चढा असतो. ही कुठली तरी वेगळी, विलायती जात असावी असा पुष्कळांचा समज असतो. परंतु हिरवी म्हणून विकली जाणारी बहुतेक वाणे झाडावरच राहू दिली, तर तीही कालांतराने लाल होतात. हिरवी ढबू मिरची हे कच्चे फळ आहे आणि लाल हे त्याचेच पिकलेले रूप आहे. काही वाणे मात्र पिकल्यावर पिवळी किंवा नारिंगी होऊन तिथेच थांबतात. हिरवे फळ पूर्ण लाल होण्यासाठी आणखी तीन-चार आठवडे झाडावर ठेवावे लागते, त्या काळात कीड, रोग आणि उन्हाचा चटका यांचा धोका शेतकऱ्याच्या माथी असतो, आणि पिकणारी फळे झाडावर असेपर्यंत नवी फळे कमी धरतात. बेळगावहून घाट उतरून आपल्याकडे येणाऱ्या लाल मिरचीच्या किमतीत या सगळ्याचा वाटा असतो. या वाढीव आठवड्यांत फळाच्या आत जे घडते, ते या किमतीला साजेसे आहे का, हे पाहण्यासारखे आहे.

कच्च्या लाल ढबू मिरचीच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ९२ ग्रॅम पाणीच असते. उरलेल्यात कर्बोदके ६ ग्रॅम, प्रथिने जेमतेम १ ग्रॅम आणि स्निग्ध पदार्थ अगदी नाममात्र असतात. तंतूंचे प्रमाण २ ग्रॅमच्या थोडे वर जाते, आणि एकूण ऊर्जा २६ ते ३१ किलोकॅलरी इतकीच भरते. मध्यम आकाराचे एक फळ साधारण १२० ग्रॅमचे असते, म्हणजे अख्खी मिरची खाल्ली तरी ४० किलोकॅलरींच्या आतच हिशेब राहतो.

लाल मिरचीचा गोडवा जाणवण्याइतका असतो, आणि म्हणूनच मधुमेह असलेली माणसे तिच्याकडे साशंक नजरेने पाहतात. गोव्यात हा प्रश्न किरकोळ नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले होते. म्हणून आकडे नीट मांडायला हवेत. हिरव्या मिरचीत १०० ग्रॅममागे सुमारे २.४ ग्रॅम साखर असते, तर लाल मिरचीत ४.२ ग्रॅम, तीही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जवळजवळ निम्मी-निम्मी. पिकताना साखर वाढते हे खरे, पण ती वाढूनही एका चहाच्या चमचाभर साखरेइतकीच राहते, शिवाय सोबत तंतू आणि भरपूर पाणी असते. मधुमेही व्यक्तीने लाल मिरची टाळावी असे या आकड्यांत काहीही नाही.

ती गोड लागते याचे निम्मे श्रेय मात्र साखरेपेक्षा तिच्यात जे नसते त्याला द्यायला हवे. हिरव्या ढबू मिरचीचा तो ओळखीचा, गवतासारखा उग्र वास पायराझिन गटातील एका संयुगामुळे येतो, आणि माणसाचे नाक त्याबाबतीत इतके तीक्ष्ण आहे की पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे दोन भाग असले तरी तो वास कळतो. फळ पिकत जाते तसे हे संयुग घटत जाते आणि खालचा गोडवा मोकळा होतो. तिखटपणाचा प्रश्न तर ढबू मिरचीत उद्भवतच नाही. इतर मिरच्यांमध्ये बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, त्या गाभ्यात कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य तयार होते. ढबू मिरचीत त्यासाठी लागणाऱ्या जनुकाचा एक मोठा तुकडाच गळालेला असल्यामुळे ते बनत नाही. २००५ मध्ये संशोधकांनी हे जनुक निश्चित केले. एरवी आपली खोल्याची मिरची, कर्नाटकातून येणारी ब्याडगी आणि ही ढबू मिरची या एकाच प्रजातीच्या बहिणी आहेत.

आता क जीवनसत्त्वाकडे वळू, कारण या फळाची खरी श्रीमंती तिथे आहे. कच्च्या लाल मिरचीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १२८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. हिरवीत ते ८० च्या आसपास असते, आणि ज्या संत्र्याचे नाव या जीवनसत्त्वासाठी सर्वांत आधी घेतले जाते त्यात ५३ च्या आसपास. भारतीय प्रौढांसाठी रोजची शिफारस पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम अशी आहे. म्हणजे अर्धी मिरची, साधारण ६० ग्रॅम, कच्ची खाल्ली तर त्यातून ७५ मिलिग्रॅमच्या आसपास मिळून स्त्रीची दिवसाची गरज पूर्ण होते आणि पुरुषाची जवळजवळ होते. तुलना पूर्ण करायची तर पेरूत लाल मिरचीपेक्षाही जास्त, १०० ग्रॅममागे सव्वादोनशे मिलिग्रॅमपर्यंत क जीवनसत्त्व असते, आणि काजूचे बोंडूही संत्र्याला कितीतरी मागे टाकते. त्यामुळे केवळ या एका जीवनसत्त्वासाठी महाग मिरची घेण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पण पेरू आणि बोंडू हंगामात मिळतात आणि जेवणाच्या ताटात त्यांना सहसा जागा नसते. मिरची भाजी म्हणून रोजच्या जेवणात येऊ शकते.

या जीवनसत्त्वाच्या इतिहासात मिरचीला मानाचे पान आहे. हंगेरीचे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये केंब्रिजला काम करताना मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून एक आम्ल वेगळे केले होते, पण ते इतके थोडे मिळे की त्याची रचना ठरवणे अशक्य होते. पुढे ते सेगेद या गावी परतले. सेगेद हे पाप्रिका मिरचीच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. रात्रीच्या जेवणात पत्नीने वाढलेली ताजी मिरची खाण्याची इच्छा नव्हती म्हणून आपण ती प्रयोगशाळेत तपासायला नेली, अशी आठवण त्यांनीच सांगितली आहे. मिरचीत ते आम्ल इतके मुबलक निघाले की काही आठवड्यांत किलोच्या मापाने ते हाती आले, जगभरच्या प्रयोगशाळांना वाटता आले, आणि हेच क जीवनसत्त्व आहे हे पक्के होऊन त्याची रचनाही उलगडली. १९३७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक सेंट-ग्यॉर्गी यांना मिळाले, आणि त्याच वर्षी रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये रचना उलगडणाऱ्या नॉर्मन हॉवर्थ यांचा वाटा होता.

हे जीवनसत्त्व नसले तर काय होते, याची एक नोंद आपल्या किनाऱ्याशीही जोडलेली आहे. १४९८ च्या ऑक्टोबरात वास्को द गामाची जहाजे अंजदीव बेटावरून परतीला निघाली आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागेपर्यंत जवळजवळ तीन महिने लागले. तेवढ्यात हिरड्या सुजून, अंगावर डाग पडून सुमारे ३० खलाशी स्कर्व्हीने दगावले. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात, परंतु माणसात त्यासाठीचे शेवटचे विकर (एन्झाइम) निकामी झालेले असल्यामुळे आपल्याला ते अन्नातूनच मिळवावे लागते. ज्या पोर्तुगीजांच्या जहाजांवर हा रोग इतका माजला, त्यांनीच पुढे अमेरिकेतून मिरची आणून या किनाऱ्यावर रुजवली.

लाल रंगाविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो असा की लाली म्हणजेच अ जीवनसत्त्व. फळ पिकताना पेशींतील हरितलवके रूपांतरित होतात, हरितद्रव्य विघटित होते आणि त्यांच्या जागी कॅरोटिनॉइड गटातील रंगद्रव्ये साठू लागतात. त्यांतले मुख्य लाल द्रव्य म्हणजे कॅप्सॅन्थिन. ते जवळपास केवळ मिरची वर्गातच मुबलक सापडते, आणि ब्याडगीच्या वाटणाने आपल्या हुमणाला, म्हणजे माशांच्या कालवणाला, जो गडद रंग येतो तोही त्याचाच. पण कॅप्सॅन्थिनच्या रेणूच्या टोकांची रचना अशी असते की आपले शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवू शकत नाही. ते काम त्याच्या सोबत असलेली बीटा-कॅरोटिन आणि बीटा-क्रिप्टोझॅन्थिन ही नारिंगी द्रव्ये करतात, जी लालीखाली झाकली जातात. १०० ग्रॅम लाल मिरचीत बीटा-कॅरोटिन सुमारे १,६२४ मायक्रोग्रॅम आणि बीटा-क्रिप्टोझॅन्थिन सुमारे ४९० मायक्रोग्रॅम असते. पहिल्याचे १२ भाग किंवा दुसऱ्याचे २४ भाग म्हणजे अ जीवनसत्त्वाचा एक भाग धरायचा, असा नियम आहे. त्याप्रमाणे १३५ आणि २० अशी बेरीज होऊन १५५ मायक्रोग्रॅमच्या थोडे पुढे आकडा जातो. हिरव्या मिरचीत हाच आकडा १८ आहे. म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत पिकण्याने सुमारे आठ-नऊ पट वाढ होते, आणि माझ्या मते लाल मिरचीसाठी जास्त पैसे मोजण्याचे सर्वांत सबळ कारण क जीवनसत्त्व नसून हे आहे. कॅप्सॅन्थिन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. ऑक्सिडीकरण रोखण्याचा गुण त्याच्यात आहे, फक्त त्याला अ जीवनसत्त्वाच्या खात्यात धरू नये.

याखेरीज ब-६ जीवनसत्त्व ०.२९ मिलिग्रॅम, फोलेट ४६ मायक्रोग्रॅम, ई जीवनसत्त्व दीड मिलिग्रॅमच्या थोडे वर आणि पोटॅशियम २११ मिलिग्रॅम असते. मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियमचे पथ्य सांगितलेल्या रुग्णांनी हा शेवटचा आकडा आहारतज्ज्ञाला दाखवावा.

ताटात हे सगळे पोचते की नाही, ते शिजवण्यावर अवलंबून आहे. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नासते, म्हणून मिरची उकडून पाणी फेकून देणे हा सर्वांत तोट्याचा मार्ग होय. मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटे परतणे त्यापेक्षा पुष्कळ बरे. उन्हात वाळवलेल्या मिरचीत रंग बराचसा टिकतो, क जीवनसत्त्व मात्र जवळजवळ संपते, त्यामुळे मसाल्याची पूड ताज्या फळाची जागा घेऊ शकत नाही. याउलट कॅरोटिनॉइड द्रव्ये स्निग्ध पदार्थांत विरघळतात, आणि जेवणात थोडे तेल किंवा नारळ असेल तरच ती आतड्यातून नीट शोषली जातात. गोव्याच्या स्वयंपाकघरात ही अट आपोआप पुरी होते: लाल मिरची बारीक चिरून, तिच्यात मीठ, लिंबू आणि मूठभर खोवलेला ओला नारळ घालून केलेल्या कोशिंबिरीत दोन्ही प्रकारची जीवनसत्त्वे राखली जातात. ही कोशिंबीर तांबड्या भाजीसोबत वाढावी, असे मला आवर्जून सांगायचे आहे. पालेभाजीतील लोह ज्या स्वरूपात असते ते आतड्याला सहज घेता येत नाही. क जीवनसत्त्व त्याला शोषणसुलभ स्वरूपात आणते, पण त्यासाठी दोन्ही एकाच जेवणात पोटात जायला हवीत. रक्तक्षयाची तक्रार असलेल्या स्त्रियांना ही जोडी विशेष उपयोगी पडेल, अर्थात डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांच्या जोडीने, त्यांच्याऐवजी नव्हे.

विकत घेताना देठ हिरवा आणि ताठ, साल ताणलेली आणि फळ हाताला जड लागणारे पाहावे. लालसर छटा धरलेले फळ घरी ठेवले तर पूर्ण लाल होऊ शकते. पूर्ण हिरवे तोडलेले मात्र केळ्यासारखे अढीत पिकत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत देठाजवळ बुरशी लवकर धरते, म्हणून मिरची धुऊन न ठेवता कोरडी, कापडी पिशवीत, फ्रीजच्या भाजीच्या खणात ठेवावी. सात अंशांखालच्या थंडीत फार दिवस राहिली तर सालीवर खळगे पडतात. चिरलेला भाग हवेशी संपर्क आल्याने क जीवनसत्त्व गमावू लागतो, तेव्हा लागेल तेवढीच मिरची जेवणाच्या आधी चिरावी.