क्वेरी चालू आहे, पण पुढे सरकते आहे का?

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तासभर रेंगाळलेली क्वेरी तपासायला बहुतेक जण चालू सेशन्स दाखवणारा तक्ता, म्हणजे पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी बघतात आणि स्टेटच्या रकान्यात ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं की निर्धास्त होतात. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की क्वेरी अजून संपलेली नाही. दुसऱ्याच्या लॉकपाशी (त्याने अडवून ठेवलेल्या टेबलाशी किंवा ओळीशी) ताटकळलेली क्वेरीही ‘अ‍ॅक्टिव्ह’च दिसते. म्हणून आधी वेट_इव्हेंट_टाइप वाचा. तिथे ‘लॉक’ असेल तर काम ठप्प आहे. कोणी अडवलंय ते पीजी_ब्लॉकिंग_पिड्स या फंक्शनला पिड (प्रोसेसचा क्रमांक) दिला की कळतं. रकाना नल (रिकामा) असेल तर ती कशासाठीही थांबलेली नाही.

काम किती झालं, हे सांगतात पीजी_स्टॅट_प्रोग्रेसने सुरू होणारे व्ह्यू, म्हणजे वाचता येणारे तयार तक्ते. व्हॅक्यूमचा (जुन्या ओळींच्या सफाईचा) ९.६ आवृत्तीपासून आहे, इंडेक्स बांधणीचा १२ पासून, कॉपीचा (डेटा एकगठ्ठा भरण्या-काढण्याचा) १४ पासून. साध्या सिलेक्ट-अपडेटला असा व्ह्यूच नाही, आणि नेमकी तीच क्वेरी रात्रभर चालते! रिकाम्या टेबलात इन्सर्ट चालू असेल तर दुसऱ्या सेशनमधून पीजी_रिलेशन_साइझ दर मिनिटाला बघत राहणं, हा त्यातल्या त्यात बरा उपाय.

इंडेक्सच्या व्ह्यूत ब्लॉक्स_डन भागिले ब्लॉक्स_टोटल केलं की टक्केवारी येते, पण ती फक्त चालू टप्प्याची. टेबल वाचून १०० टक्के झाले तरी सॉर्टिंग आणि इंडेक्सच्या झाडात भरणं बाकीच असतं, त्यामुळे फेज हा रकाना सोबत वाचल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. भागताना टोटलला नलइफ (शून्याचं नल करणारं फंक्शन) लावा. काही टप्प्यांत ती शून्य असते आणि क्वेरी भागाकाराच्या चुकीवर आपटते. कॉपी फाइलऐवजी एसटीडीइनमधून (थेट क्लायंटकडून) येत असेल तर बाइट्स_टोटलही शून्यच.

इंडेक्स कॉन्करंटली, म्हणजे टेबलातलं लिखाण न थांबवता, बांधताना फेज ‘वेटिंग फॉर रायटर्स बिफोर बिल्ड’वर अडकली, तर करंट_लॉकर_पिड (ज्याची वाट बघितली जातेय त्याचा पिड) घेऊन पुन्हा पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत जा. त्याच टेबलात काहीतरी लिहून कमिट न करता बसलेलं, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अवस्थेतलं सेशन तिथे अनेकदा सापडतं. इंडेक्सची बांधणी मारण्याआधी त्याच्याकडे बघा, कारण मध्येच तोडलेली कॉन्करंट बांधणी इनव्हॅलिड इंडेक्स मागे ठेवू शकते. तो क्वेरींच्या कामाचा नाही, तरी लिहिताना त्याचा भार पडतच राहतो. तो ड्रॉप करून नव्याने सुरुवात करावी, किंवा रीइंडेक्स कॉन्करंटलीने पुन्हा बांधावा लागतो.