पॉलिसी लागून नाही राहिली

सीताबर्डीवरच्या एखाद्या ऑफिसात सकाळी साडेदहाला आयटीवाल्याचा फोन वाजतो. "भाऊ, पेन ड्राइव्ह बंद होणार म्हणत होते ना तुम्ही? माझ्या पीसीवर तर चालून राहिला." शेजारच्या टेबलावर तोच पेन ड्राइव्ह लावला की 'ॲक्सेस डिनाइड' येतं. दोन्ही पीसी एकाच खरेदीतले, एकाच स्विचला जोडलेले. आयटीवाला येतो, काळ्या खिडकीत 'जीपीअपडेट फोर्स' ही पॉलिसी लगेच पुन्हा लावायची कमांड टाइप करतो, फरक पडत नाही. मग तेच पुन्हा टाइप करतो.

हे दुसऱ्यांदा टाइप करणं एका गैरसमजातून येतं. सर्व्हर पॉलिसी, म्हणजे पीसीवर काय चालेल आणि काय नाही याचे नियम, पाठवतो, असं बहुतेकांना वाटतं. विंडोज २००० पासून चालत आलेल्या ग्रुप पॉलिसीत सर्व्हर कोणाकडे काहीही पाठवत नाही. डोमेन म्हणजे ऑफिसातले पीसी आणि वापरकर्ते यांचं एकत्र सांभाळलेलं जाळं; ते सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, डोमेन कंट्रोलरवर, सूचना लिहून ठेवलेली असते; प्रत्येक पीसी स्वतः तिथे जातो, आपल्यासाठी काय आहे ते वाचतो आणि स्वतःवर लावून घेतो. पीसी सुरू होताना एक फेरी, लॉगिन करताना दुसरी, आणि नंतर दर ९० मिनिटांनी. या ९० मध्ये शून्य ते ३० मिनिटांची यादृच्छिक भर असते, म्हणजे शे-दोनशे पीसी एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. त्यामुळे बदल करून दोन तास व्हायच्या आत तक्रार आली, तर आधी तर्री-पोहे खाऊन यायला हरकत नाही. त्यानंतरही लागली नसेल, तर पीसीची ही फेरी नेमकी कुठे अडली ते शोधायचं. 'फोर्स'नं सगळ्या सेटिंग पुन्हा लावल्या जातात हे खरं, पण जी पॉलिसी पीसीच्या वाट्यालाच येत नाही ती शंभरदा फोर्स करूनही येणार नाही.

फेरीची सुरुवात डीएनएसपासून, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेपासून होते. डोमेन कंट्रोलर कुठे आहे, हे पीसी डीएनएसला विचारतो. कोणीतरी 'नेट स्लो आहे' म्हणून डीएनएसच्या जागी ८.८.८.८ टाकून गेलेला असतो. गूगलच्या त्या सर्व्हरला जगभरातल्या वेबसाइट ठाऊक आहेत, तुमच्या ऑफिसातलं डोमेन मात्र ठाऊक नाही. इंटरनेट झकास चालतं, म्हणून डीएनएसवर संशयच येत नाही. पीसीच्या डीएनएसमध्ये फक्त डोमेनचाच डीएनएस सर्व्हर हवा. बाहेरचा पत्ता 'पर्यायी' म्हणूनही नको. बाहेरची नावं शोधायचं काम आतल्या सर्व्हरला करू द्या. हा बिघाड असेल तर विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम लॉगमध्ये १०५४ किंवा ११२९ क्रमांकाची नोंद दिसते.

पुढचा अडथळा घड्याळाचा. डोमेनमध्ये ओळख पटवणाऱ्या करबेरॉसला पीसी आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. संध्याकाळी मेन स्विच बंद करून जायची पद्धत असलेल्या ऑफिसात मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपला, की सकाळी पीसी जुनी तारीख घेऊन उठतो. हे निदान लवकर पकडता येतं. फसवतो तो टाइम झोन. विंडोज नव्यानं टाकताना झोन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याचा राहून जातो, आणि कोणीतरी झोन न बदलता नुसते आकडे बदलून साडेदहा वाजवतो. भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ तंतोतंत जुळते. पण करबेरॉस जागतिक वेळ बघतो, आणि त्याच्या हिशेबात हा पीसी साडेतेरा तास पुढे पळत असतो (तिकडच्या उन्हाळ्यात साडेबारा). पडद्यावरची वेळ बघून समाधान मानू नका, झोन बघा.

डीएनएस आणि घड्याळ दोन्ही ठीक असतील, तर पेन ड्राइव्हच्या त्या दोन पीसींचं उत्तर बहुतेक वेळा पुढच्या पायरीवर सापडतं: पीसी कुठल्या ओयूमध्ये, म्हणजे डोमेनमधल्या खात्यांच्या कुठल्या कप्प्यात, बसलाय? पॉलिसी ओयूला जोडलेली असते. फॉरमॅट केलेला पीसी नव्या नावानं डोमेनमध्ये घेतला, की त्याचं खातं आपोआप 'कॉम्प्युटर्स' नावाच्या जागी पडतं. ती जागा ओयूसारखी दिसते, पण ओयू नाही. तिला पॉलिसी जोडताच येत नाही. तिथल्या पीसीला फक्त डोमेन पातळीच्या पॉलिसी मिळतात, आणि मालकाला वाटतं की पीसी तर डोमेनमध्ये आहे. खातं योग्य ओयूत हलवा आणि पीसी रीस्टार्ट करा. हे दर महिन्याला होत असेल, तर 'रीडिरकॉम्प' ही कमांड एकदाच चालवून नव्या खात्यांची मूळ जागाच बदलता येते.

ओयू बरोबर असूनही अडतं, कारण प्रत्येक पॉलिसीचे दोन अर्धे असतात: एक पीसीचा, एक वापरकर्त्याचा. पीसीचा अर्धा फक्त पीसीच्या खात्यांना लागतो, वापरकर्त्याचा अर्धा फक्त माणसांच्या. १० मिनिटांनी स्क्रीन लॉक व्हावी म्हणून 'मशीन इनॲक्टिव्हिटी लिमिट' ६०० सेकंद ठेवलं, तर ती सेटिंग पीसीच्या अर्ध्यातली आहे. ती फक्त कर्मचाऱ्यांची खाती असलेल्या ओयूला जोडली, तर काहीही होणार नाही आणि कुठे एररही दिसणार नाही. स्क्रीन सेव्हरची मुदत मात्र वापरकर्त्याच्या अर्ध्यात असते. नावं सारखी वाटतात म्हणून घोळ होतो.

अंदाज करण्यापेक्षा पीसीलाच विचारावं. 'जीपीरिझल्ट', मग जागा सोडून तिरकी रेघ आणि आर. कमांडची खिडकी ॲडमिन म्हणून उघडली नाही, तर पीसीचा अर्धा अहवालात येतच नाही. आणि आयटीवाल्यानं स्वतःचा पासवर्ड देऊन ती उघडली, तर वापरकर्त्याच्या अर्ध्यात पीसी वापरणाऱ्या मॅडमऐवजी आयटीवाल्याच्याच पॉलिसी दिसतात! म्हणून दोनदा चालवा, एकदा साध्या खिडकीत आणि एकदा ॲडमिनच्या. लागलेल्या पॉलिसींच्या खाली गाळलेल्यांची यादी असते, कारणासकट. 'एम्प्टी' म्हणजे त्या पॉलिसीच्या या अर्ध्यात काही लिहिलेलंच नाही. 'डिनाइड, सिक्युरिटी' म्हणजे वाचायची किंवा लावून घ्यायची परवानगी नाही. 'डब्ल्यूएमआय फिल्टर' म्हणजे पीसी पॉलिसीला लावलेल्या अटीत बसला नाही. पॉलिसीचं नाव दोन्ही याद्यांत नसेल, तर ओयू पुन्हा तपासा.

यातल्या परवानगीच्या प्रकारानं जून २०१६ मध्ये अनेकांना घाम फोडला. त्या महिन्याच्या सुरक्षा अपडेटनंतर वापरकर्त्याच्या पॉलिसीसुद्धा पीसीच्या ओळखीनं वाचल्या जाऊ लागल्या. ज्यांनी पॉलिसी कोणाला लागावी ते ठरवणाऱ्या फिल्टरमधून 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' (ओळख पटलेले सगळे, पीसीसुद्धा) काढून फक्त 'अकाउंट्स' गट ठेवला होता, त्यांच्या पॉलिसी एका रात्रीत गायब झाल्या, कारण पीसीला त्या वाचायची परवानगी उरली नव्हती. उपाय साधा आहे: पॉलिसीच्या परवानग्या दाखवणाऱ्या डेलिगेशनच्या पानावर 'डोमेन कॉम्प्युटर्स'ना फक्त 'रीड' द्या. आजही नवी पॉलिसी बनवताना हे हमखास विसरलं जातं. पीसीला नुकतंच एखाद्या गटात टाकलं असेल तर रीस्टार्ट हवाच, वापरकर्त्याला टाकलं असेल तर लॉगऑफ; तोवर जुनंच सदस्यत्व चालू राहतं.

दोन पॉलिसी एकमेकींच्या उलट असतील तर क्रम ठरलेला आहे: पीसीची स्वतःची, मग साइटची (एका ठिकाणच्या नेटवर्कची), डोमेनची, ओयूची, शेवटी लागलेली जिंकते. 'एन्फोर्स्ड' ठेवलेली पॉलिसी हा क्रम मोडते आणि वरच्या पॉलिसी अडवणाऱ्या 'ब्लॉक इनहेरिटन्स'लाही जुमानत नाही.

बुटीबोरीच्या शाखेत वेगळा डोमेन कंट्रोलर असेल तर आणखी एक भानगड. पॉलिसी दोन तुकड्यांत राहते, एक ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनच्या डेटाबेसमध्ये) आणि दुसरा डोमेन कंट्रोलरवरच्या सिसव्हॉल फोल्डरमध्ये, आणि दोन्ही तुकडे वेगवेगळ्या वाटेनं शाखेत पोचतात. वेगळी साइट असेल तर डिरेक्टरीचा तुकडा मूळ सेटिंगप्रमाणे १८० मिनिटांनी जातो. दोन्हींचा मेळ बसला का, हे आवृत्ती क्रमांकावरून कळतं. सिसव्हॉलमध्ये पॉलिसीच्या फोल्डरात 'जीपीटी डॉट आयएनआय' नावाची फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडा. समजा, व्हर्जन १९६६१३ दिसलं. त्याला ६५५३६ नं भागा: भागाकार ३, बाकी ५. म्हणजे वापरकर्त्याचा अर्धा तीनदा बदललाय आणि पीसीचा पाचदा. डिरेक्टरीत ५ च्या जागी ४ दिसला, तर तो तुकडा अजून वाटेत आहे. पीसीला ही फाइल वाचताच आली नाही, तर १०५८ क्रमांकाची नोंद पडते.

लोडशेडिंग आणि मेलेल्या यूपीएसचा एक बिघाड राहिला. पीसी अचानक बंद पडला की 'रजिस्ट्री डॉट पॉल' ही पॉलिसीच्या सेटिंगची फाइल कधीकधी खराब होते आणि १०९६ ची नोंद दिसते. नोंदीत 'लोकल जीपीओ' (पीसीची स्वतःची पॉलिसी) असं लिहिलेलं असेल, तर ती फाइल सिस्टीम३२ मधल्या ग्रुपपॉलिसी फोल्डरात, मशीनच्या आत असते. तिथलं फोल्डर लपलेलं असतं, आधी ते दिसू द्या. फाइलचं नाव बदलून बाजूला ठेवा. पीसीवर हातानं केलेल्या सेटिंग जातील, डोमेनच्या परत येतील. आता मात्र 'जीपीअपडेट फोर्स' चालवा.