व्यायलेल्या गाईत भ्रूण प्रत्यारोपण: कांडी ठेवण्याआधी

जास्त दुधाची गाय व्यायल्यावर पहिले काही आठवडे खाते कमी, देते जास्त. ती तूट अंगावरच्या चरबीतून भरून निघते. बीजांड वाढायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे या ओढाताणीत पोसलेले कमजोर बीज पुढच्या माजात सुटते आणि गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. प्रत्यारोपणात सात दिवसांचा तयार भ्रूण कांडीतून (बारीक नळीतून) गर्भाशयात ठेवतात, म्हणून बीजाची अडचण टळते. गर्भाशयाची टळत नाही, आणि बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो.

व्यायल्यापासून ६० दिवस झाल्याशिवाय आम्ही कांडी ठेवत नाही. वार अडकली असेल किंवा वासरू ओढून काढले असेल, तर तपासणीआधीच सांगा. माजाचा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ हवा. त्यात पुवाचे पांढरे कण दिसले तर तो माज सोडून आधी उपचार. व्यायल्यापासून शरीरगुणांक (अंगावरच्या चरबीवरून दिलेला गुण, ५ पैकी) एकाहून जास्त उतरला असेल, तरी थांबलेले बरे.

नुसता माज दिसला, एवढ्यावर भागत नाही. दुसरे जनावर अंगावर चढताना गाय हलली नाही, ती वेळ लिहा. सकाळ की संध्याकाळ, हेही. दोन दिवसांनी शेपटीला थोडे रक्त दिसले तर घाबरू नका, माज होऊन गेल्याची ती खूण आहे. सातव्या दिवशी डॉक्टर पीतपिंड (बीज सुटल्यावर अंडाशयावर त्या जागी तयार होणारी गाठ) तपासतात. तो नसेल तर काम रद्द. उजव्या अंडाशयावर असेल तर भ्रूण गर्भाशयाच्या उजव्याच शिंगात जातो. गाईचा माज आणि भ्रूणाचे वय यांत एका दिवसाहून जास्त अंतर नको.

गोठवलेली कांडी हवेत साधारण १० सेकंद, मग ३० अंशांच्या पाण्यात २० सेकंद धरतात. वितळलेली कांडी पुन्हा गोठवता येत नाही, म्हणून गाय आधीच खोड्यात, सावलीत उभी हवी. शेपटीच्या मुळाशी भूल देतात. गाय कळ देत नाही, गर्भाशयाला इजा होत नाही.

त्यानंतर माज आणण्याचे इंजेक्शन कुणालाही टोचू देऊ नका. त्याने पीतपिंड विरघळतो आणि गर्भ जातो. कांडीनंतर साधारण १४ दिवसांनी माजावर लक्ष ठेवा. माजापासून ३० दिवसांनी सोनोग्राफी, आणि ६० दिवसांनी पुन्हा, कारण मधल्या काळात काही गर्भ गळतात. विण्याची तारीख माजाच्या दिवसापासून धरा; कांडीपासून धरली तर गाय आठवडाभर उशिरा आटवली जाते.