घेरी, धास्ती आणि दीडशे वर्षांची फारकत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुणाला घेरी आली की पहिला संशय बीपीवर, मग शुगरवर, मग मानेच्या मणक्यावर. घरातल्या काळजीचा विषय निघतो तो सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर, तोही दबकत. याला डॉक्टरी विद्येचा इतिहासही थोडा जबाबदार आहे.

१८७० मध्ये व्हिएन्नाच्या मोरिट्झ बेनेडिक्ट यांनी मोकळ्या चौकात गरगरणाऱ्या रुग्णांबद्दल लिहिलं आणि दोष डोळ्यांच्या स्नायूंना दिला. वर्षभरात बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी उलट मांडलं: मूळ दुखणं चक्कर नव्हे, भीती. गंमत अशी की गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो, ही तपासणी १८७५ मध्ये पुढे आणणाऱ्या दोघांपैकी एक हेच वेस्टफाल. दुसरे विल्हेल्म एर्ब. भीती आणि पायाचा झटका, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होते. तरी पुढे भीती मानसोपचाराकडे गेली, तोल कानाच्या डॉक्टरांकडे. रॉबर्ट बारानी यांना १९१४ चं नोबेल मिळालं ते कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवरच्या कामासाठी.

शरीराला ही वाटणी ठाऊक नाही. राजहंसगडाच्या तटाच्या अगदी कडेला उभं राहिलं (राहू नयेच) की घोटे ताठरतात, अंग किंचित मागे रेलतं, डुलणं बारीक पण भरभर होतं. उंच फळीवर माणसं उभी करून केलेल्या प्रयोगांत हेच मोजलं गेलंय. आतल्या कानाची खबर मेंदूच्या बुंध्यात जिथे पोचते, तिथला भाग भीती हाताळणाऱ्या भागांशी जोडलेला आहे. म्हणून धास्तीने तोल बिघडतो, आणि तोल गेला की धास्ती वाढते. कड्यावरून मागे आलं की हा ताठरपणा सुटतो. कर्जाची किंवा कोर्टकचेरीची काळजी महिनोन्महिने पाठ सोडत नाही, तेव्हा काहींच्या अंगात तो मुरतो. जे चालणं आपोआप व्हायचं ते पाऊल मोजत होऊ लागतं.

थॉमस ब्रांट आणि मारियान डीटेरिख यांनी १९८६ मध्ये अशा चक्करेला वेगळा आजार म्हणून मांडलं. २०१७ मध्ये बारानींच्याच नावाच्या संस्थेने त्याच्या पुढच्या रूपाचे निकष ठरवले: तीन महिने किंवा जास्त काळ बहुतेक दिवस डुलल्यासारखं वाटणं, उभं राहिल्यावर, हालचालीत आणि गणपत गल्लीसारख्या गजबजाटात ते वाढणं. उपचारात तोलाचे व्यायाम, समुपदेशन आणि नैराश्यावर देतात त्याच काही गोळ्या असतात. ‘डोक्याची गोळी’ म्हणून त्या मध्येच सोडणारे आपल्याकडे पुष्कळ. अचानक चक्कर येऊन बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे पडले, तर मात्र ते हे दुखणं समजू नये. तिथे लगेच दवाखाना गाठावा.