बॉलचं स्पायरोमीटर की फ्लटर? कफ काढायला कोणतं?

औषधाच्या दुकानात "छातीच्या व्यायामाचं मशीन द्या" म्हटलं की बहुतेक वेळा तीन बॉलचं स्पायरोमीटर हातात पडतं. टीबी बरा झाला, पण श्वासनलिका रुंदावून रोज कफ साठतो, अशी माणसं मुंबईत पुष्कळ. त्यांचा कफ त्या बॉलनी सुटत नाही.

स्पायरोमीटरमध्ये श्वास आत ओढायचा. सेकंदाला 600 मिलीलिटर हवा ओढली की पहिला बॉल वर जातो, 1200ला तिन्ही. ऑपरेशननंतर दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो आणि फुप्फुसाचा तळ मिटतो. तो उघडावा म्हणून हे देतात.

फ्लटर किंवा अकापेला या तोंडात धरून फुंकायच्या छोट्या उपकरणांत उलट, श्वास बाहेर सोडायचा. समोरून अडथळा असल्याने सैल पडलेल्या नलिका मिटत नाहीत, हवा कफाच्या मागे शिरते आणि थरथरीने तो भिंतीपासून सुटतो. फ्लटरमधली स्टीलची गोळी वजनाने खाली बसते, म्हणून ते तिरकं धरलं की थरथर कमीजास्त होते. अकापेलात लोहचुंबक आहे, ते आडवं पडूनही चालतं.

ताठ बसा. नेहमीपेक्षा थोडा मोठा श्वास घ्या, 2-3 सेकंद धरा, मग 3-4 सेकंदांत एकसारखा सोडा. गाल फुगू देऊ नका. फुगले की थरथर गालातच जिरते, छातीपर्यंत पोचत नाही. असे 10 श्वास झाले की 2-3 वेळा हफ. बहुतेकांचं चुकतं ते इथे: मशीन ठेवून देतात आणि सुटलेला कफ आतच राहतो. हफ म्हणजे चष्म्याची काच पुसण्याआधी तोंड उघडून "हाऽ" करतो तसं, पण पोटाने जोर लावून. शिट्टीसारखा आवाज आला तर जोर जास्त झाला. कफ घशाशी आल्यावरच खोका. आधीपासून खोकत राहिलं तर नुसती दमणूक होते. हा फेरा 10 ते 20 मिनिटं, दिवसातून दोनदा, जेवणाआधी. चक्कर आली तर थांबून साधा श्वास घ्या.

श्वासनलिका उघडणारा पंप या व्यायामाआधी घ्या, स्टेरॉइडचा नंतर. कफातून रक्त पडलं तर मशीन बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठा.

वापरल्यावर सुटे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. पावसाळ्यात आपल्याकडे ते ओट्यावर रात्रभर ठेवूनही ओलेच राहतात आणि ओलीत जंतू वाढतात. पाणी झटकून पंख्याखाली वाळवा, पूर्ण कोरडे झाल्याशिवाय डब्यात बंद करू नका.