कॅथलिक प्राथमिक शाळांतील अभ्यासाच्या अपेक्षा व श्रेणी (कोल्हापूर)

कॅथलिक धर्मसंघांचे फादर किंवा सिस्टर चालवतात त्या प्राथमिक शाळेत मुलाकडून अभ्यासाची आणि वागणुकीची कोणती अपेक्षा धरतात व ती प्रगतिपुस्तकात कशी उतरते, हा या नोंदीचा विषय. कोल्हापुरात होली क्रॉस कॉन्व्हेंट आणि सेंट झेवियर्स ही या परंपरेतली परिचित नावे. शहरातल्या आयर्विन ख्रिश्चन आणि एस्तेर पॅटन या शाळा मात्र वेगळ्या वळणाच्या. 1852 मध्ये कोल्हापुरात आलेल्या रॉयल वाइल्डर यांच्यापासून सुरू झालेल्या अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनच्या कामाशी त्यांचे नाते आहे. गावात सगळ्यांचीच गणना ‘ख्रिश्चन शाळा’ अशी एका दमात होते, पण चर्च वेगळे, कारभार वेगळा.

अभ्यासाचा दर्जा हा कॅथलिक शाळांपुरता चर्चच्या कायद्याचाही भाग आहे. 1983 च्या कॅनन कायद्याचे 806 वे कलम सांगते, की कॅथलिक शाळेतले शिक्षण निदान त्या भागातल्या इतर शाळांच्या तोडीचे असले पाहिजे. म्हणजे धर्मशिक्षण चांगले दिले आणि गणित कच्चे राहिले, तर चालत नाही. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची परंपरा याहून जुनी आहे. 1599 च्या त्यांच्या ‘रातिओ स्तुदिओरुम’ या शिक्षणसंहितेत लेखी परीक्षेचे नियम आहेत, वरच्या वर्गात घालण्याचे निकष आहेत आणि प्रत्येक मुलाला वर्गातलाच एक प्रतिस्पर्धी नेमून देण्याची रीतही आहे. ही संहिता लॅटिन व्याकरणाच्या वर्गांसाठी होती, लहान मुलांसाठी नव्हे. तरीही वर्गात पहिला-दुसरा नंबर काढण्याचे जे वेड पालकांना आजही सोडवत नाही, त्याला अशा जुन्या शाळांनीही खतपाणी घातले असे म्हणायला हरकत नाही.

कोल्हापूरला शिक्षणाची सक्ती नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळच्या रुपयाचा विचार केला तर हा दंड चांगलाच झोंबणारा होता.

राज्य मंडळाचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळांत श्रेणी ठरते ती 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयातल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाने. त्याचे दोन भाग आहेत. वर्षभर चालते ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी होते ते संकलित. पहिली-दुसरीला आकारिकचे वजन 70 टक्के, तिसरी-चौथीला 60, पाचवी-सहावीला 50 आणि सातवी-आठवीला 40. मूल मोठे होईल तसा पेपर जड होत जातो. आकारिकमध्ये निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने येतात. त्यांतली कोणती वापरायची ते विषय पाहून शिक्षक ठरवतात. 91 आणि त्यापुढे अ-1, 81 ते 90 अ-2, 71 ते 80 ब-1, आणि असेच दहादहाच्या पायऱ्यांनी 41 पर्यंत क-2. 33 ते 40 ला ड, त्याखाली ई-1 आणि ई-2.

तिसरीतल्या मुलाला मराठीत आकारिकचे 60 पैकी 48 आणि संकलितचे 40 पैकी 27 मिळाले, तर बेरीज 75, श्रेणी ब-1. पुढच्या बाकावरच्या मुलीचे 80 भरले तरी तिलाही ब-1 आणि 81 वाल्याला अ-2. एका गुणाने श्रेणी बदलते आणि पाच गुणांनी बदलत नाही, ही या पद्धतीची जुनी खोड. म्हणून ओपन डेला पालक श्रेणीवर थांबत नाहीत. ‘मॅडम, मार्क किती तेवढं सांगा की,’ हा प्रश्न ठरलेला. श्रेणी आणली ती तुलना कमी व्हावी म्हणून. पालकांनी तुलना सोडली नाही, ती फक्त शिक्षकांच्या नोंदवहीत डोकावून करावी लागते एवढेच.

शाळेची खरी अपेक्षा श्रेणीच्या रकान्यात सापडत नाही. ती असते शाळेच्या कॅलेंडरमध्ये, म्हणजे नियम, प्रार्थना आणि रिमार्कची पाने असलेल्या त्या छोट्या पुस्तकात. उशीर झाला, गृहपाठ राहिला, नखे वाढली, वर्गात मराठीत बडबड केली, असे सगळे त्यात लाल शाईने येते आणि खाली पालकाची सही लागते. अक्षराला या शाळांत विशेष मान. चाररेघी वहीत अक्षरे जोडून (कर्सिव्ह) इंग्रजी लिहिताना ‘g’ चे शेपूट शेवटच्या रेघेपर्यंत आले नाही, तर पान पुन्हा लिहायचे. आठवड्याचे डिक्टेशन चुकवायचे नाही, चुकलेला शब्द पाचदा लिहायचा. हे घोटणे अलीकडच्या शिक्षणशास्त्राला फारसे रुचत नाही, पण कोल्हापुरात वळणदार अक्षर दिसले की ‘कॉन्व्हेंटचं दिसतंय’ असे अजून म्हणतात. मराठीची मात्र उलटी गत होते. घरी मराठीच बोलणारे मूल मराठीच्या पेपरात काना-वेलांटीला गुण घालवते, कारण वर्षभर सगळा जोर इंग्रजीवर. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तरी घरी अभ्यास घेताना तिची पाळी शेवटीच येते.

धर्मशिक्षणाचा तास निकालात धरत नाहीत. कॅथलिक मुले कॅटेकिझमला, म्हणजे आपल्या धर्माच्या शिकवणीला, बसतात, बाकीची नीतिशिक्षणाला. या शाळांतली बहुसंख्य मुले ख्रिस्ती नसतात, आणि राज्यघटनेच्या 28(3) कलमानुसार मान्यताप्राप्त शाळेला पालकाच्या संमतीवाचून मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. सकाळच्या प्रार्थनेला सगळी उभी राहतात, आणि कोल्हापूरकर पालकाला त्यात काही वावगे वाटत नाही.

अमेरिकेत 1884 च्या बाल्टिमोर धर्मपरिषदेने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, शाळा काढायला सांगितले आणि तिथे कॅथलिक प्राथमिक शाळांची स्वतंत्र व्यवस्थाच उभी राहिली. तिथल्या काही शाळांत ‘ए’ मिळवायला 93 लागतात आणि 70 च्या खाली नापास धरतात. प्रयत्न आणि वर्तन यांना वेगळी श्रेणी असते. आपल्याकडे 33 ला ड मिळतो, हे तिथल्या पालकाला सांगितले तर पटायचे नाही.

नापास करण्याचा प्रश्न कायद्याने गुंतागुंतीचा झाला आहे. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, त्यात आठवीपर्यंत मागे ठेवायला बंदी होती. 6 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रमती ट्रस्टच्या खटल्यात अल्पसंख्याक शाळांना हा कायदाच लागू नाही असा निकाल दिला. त्यामुळे 25 टक्के राखीव प्रवेशही कॅथलिक शाळांना बंधनकारक नाहीत, आणि दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत यावर शहरात चर्चा झडते. सप्टेंबर 2025 मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची शिफारस केली. दरम्यान पाचवी व आठवीला मागे ठेवायची मुभा देणारी शिक्षणहक्क कायद्यातली 2019 ची दुरुस्ती आली आणि तिच्या आधारे महाराष्ट्राने 2023-24 पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा ठेवली. पाचवीला विषयाला 50 गुण, आठवीला 60, उत्तीर्ण व्हायला 35 टक्के. जो अडकला त्याला जादा मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा. तीही गेली तर त्याच वर्गात बसावे लागते, पण शाळेतून नाव कमी करता येत नाही.