वापरलेलं, कस्टम केलेलं १९११ पिस्तूल घेण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या टेबलवर जुनं कस्टम पिस्तूल आलं की घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे कोणत्या कंपनीचं आहे?" आणि त्याचं सरळ उत्तर बऱ्याचदा देताच येत नाही, कारण स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) एका कंपनीची, फ्रेम (पकड आणि ट्रिगर असलेला खालचा सांगाडा) दुसऱ्या कंपनीची, बॅरल (नळी) तिसऱ्याची आणि हे सगळं कानस मारून जुळवणारा कारागीर चौथाच. म्हणून आम्ही सगळ्यांना एकच सांगतो, स्लाइडवर जे नाव कोरलंय ते फक्त स्लाइडचं नाव आहे. फ्रेम वेगळी वाचा, स्लाइड वेगळी वाचा, बॅरल वेगळं वाचा, आणि जे डोळ्याला दिसतं किंवा कागदावर आहे तेवढ्याचेच पैसे द्या.

हे पत्रक १९११ प्रकारच्या पिस्तुलांबद्दल आहे, कारण कस्टम काम सगळ्यात जास्त याच पिस्तुलावर झालंय. जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन अमेरिकन सैन्याने मार्च १९११ मध्ये स्वीकारलं आणि १९८५ पर्यंत ते त्यांचं ठरलेलं पिस्तूल होतं, त्यामुळे त्याचे पार्ट असंख्य कंपन्यांनी बनवले आणि कोणताही पार्ट कोणत्याही पिस्तुलात थोडंफार घासून बसवता येतो असा समज पसरला. बसतो खरा, पण बसणं आणि नीट चालणं यात फार फरक आहे.

हातात घेताना

मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून लॉक करा, चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्याने बघा आणि बोट घालूनही बघा. याच क्रमाने, आधी मॅगझिन मग चेंबर, उलटं केलंत तर रिकामं केलेलं चेंबर परत भरतं. विकणारा म्हणाला "रिकामंच आहे" तरीही बघा, आम्ही एकमेकांच्या हातातून घेतानाही दर वेळी बघतो. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. आणि रिकाम्या चेंबरवर स्लाइड खाडकन सोडू नका किंवा न विचारता ट्रिगर दाबू नका, बारीक ट्यून केलेल्या ट्रिगरची धार त्याने खराब होऊ शकते आणि पिस्तूल अजून दुसऱ्याचं आहे.

नंबर आणि कागद

सिरीयल नंबर फ्रेमवर असतो. काही देशांचे कायदे फ्रेमलाच शस्त्र मानतात, काही ठिकाणी स्लाइड आणि बॅरललाही नंबर लागतो, म्हणून तुमच्या परवान्यावर नक्की काय चढवायचंय ते परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून आधी विचारून घ्या, सौदा नंतर. नंबर पूर्ण वाचता आला पाहिजे. नंबरच्या जागी धातू खोलगट दिसला, आजूबाजूपेक्षा जास्त चकचकीत दिसला किंवा एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या ठशाचा वाटला तर ते पिस्तूल खाली ठेवा आणि विषय संपवा, कितीही स्वस्त असलं तरी. आम्ही असं पिस्तूल दुरुस्तीलाही घेत नाही, तपासायलाही घेत नाही. नंबर बरोबर दिसला तरी तो चोरीच्या यादीत नाही ना हे अधिकाऱ्यांकडून पडताळून घ्यायचं.

नंबरवरून वयाचा अंदाज लागतो. कोल्टच्या सिरीज ७० मध्ये नंबरला ७० आणि जी जोडलेलं सापडतं, ही सिरीज १९७० मध्ये आली. १९८३ मध्ये सिरीज ८० आली, तिच्यात फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी पिन) अडवणारा एक छोटा प्लंजर म्हणजे दट्ट्या वाढवला. आता पिस्तुलाची स्लाइड म्हणते सिरीज ८० आणि फ्रेम निघाली जुनी, असं झालं तर दोन पिस्तुलांचं एक झालंय. यात काही वाईट नाही, फक्त ते तुम्हाला आधी सांगितलेलं असलं पाहिजे.

युद्धकाळातलं पिस्तूल म्हणून कुणी दाखवलं तर आणखी जपून. दुसऱ्या महायुद्धात कोल्टबरोबर रेमिंग्टन रँड, इथाका, युनियन स्विच अँड सिग्नल यांनीही ही पिस्तुलं बनवली, आणि शिवणयंत्रवाल्या सिंगरने फक्त ५०० बनवली, त्यामुळे सिंगरचं नाव कोरलेल्या नकली स्लाइड बाजारात फिरत असतात. आणि खरं सैनिकी पिस्तूल कस्टम केलेलं असेल तर संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत पडलेलीच असते, कापलेला धातू परत येत नाही. ते नेमबाजीचं हत्यार म्हणून बघा आणि त्याच हिशोबाने घ्या.

भिंगाखाली काय दिसतं

मागच्या महिन्यात आम्ही एक पिस्तूल तपासलं, सुंदर निळसर काळा रंग, अगदी आरशासारखा. भिंग लावून स्लाइडवरची अक्षरं बघितली तर त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या, एका अक्षराचा खालचा पाय जवळजवळ पुसलेला, आणि पिनांच्या भोकांभोवती बशीसारखा उतार. म्हणजे नवीन ब्लूइंगच्या (पोलादाला तो निळसर काळा रंग देण्याच्या) आधी बफिंग व्हीलवर जोरात पॉलिश मारलंय. चांगला कारागीर सपाट भाग सपाट ठेवतो, कडा धारदार ठेवतो, भोकाची कड गोल होऊ देत नाही. हे एवढं एक बघायला शिकलात तरी कामाचा दर्जा अर्धा कळतो, कारण जो बाहेर घाई करतो तो आत जिथे कुणी बघत नाही तिथे जास्तच करतो.

पकडीच्या पुढच्या बाजूला चौकड्या कोरलेल्या असतील तर पट्टी लावून एका इंचात किती ओळी आहेत ते मोजा. साधारण २० किंवा ३० सापडतील. ओळी शेवटपर्यंत समांतर आहेत का, ट्रिगर गार्डच्या खाली जिथे वळण येतं तिथे एकमेकींत घुसल्यात का, टोकं सगळी सारखी टोकदार आहेत का. हाताने केलेलं चेकरिंग हे फार कष्टाचं काम आहे आणि ते चांगलं असेल तर त्याचे पैसे आनंदाने द्यावेत असं आमचं मत आहे. रुंद बीव्हरटेल ग्रिप सेफ्टी (पकडीच्या मागची, हातात धरल्यावर दबणारी सेफ्टी) बसवायला फ्रेमचा मागचा भाग गोल कापावा लागतो, तिथे सेफ्टी आणि फ्रेममध्ये फट किती आहे, दाबल्यावर आणि सोडल्यावर फट बदलते का, तेही बघा. नेम धरायचं मागचं साइट खाली बसवण्यासाठी स्लाइडमध्ये खाच कापलेली असते, ती वाकडी असेल तर ते दुरुस्त करणं फार अवघड.

नावाजलेल्या कारागिराचं काम म्हणून विकायला आलं तर पुरावा मागा. आर्मंड स्वेन्सनसारख्यांची नावं या क्षेत्रात मानाने घेतली जातात, दोन्ही बाजूंची थंब सेफ्टी (अंगठ्याने लावायची सेफ्टी) आणि चौकोनी ट्रिगर गार्ड लोकप्रिय करण्यात त्यांचा मोठा वाटा, पण चौकोनी ट्रिगर गार्ड दिसला म्हणून ते काम त्यांचं ठरत नाही, नंतर कितीतरी जणांनी तसंच केलं. कारागिराचा ठसा, कामाची पावती, पत्रव्यवहार, सिरीयल नंबर लिहिलेली ऑर्डर, यातलं काहीतरी हवं. नुसतं तोंडी नाव असेल तर आमच्या लेखी ते अनामिक काम. मूळ पिस्तूल कारखान्यातून कोणत्या रूपात निघालं हे हवं असेल तर कोल्ट कंपनी नंबरवरून जुन्या नोंदींचं पत्र देते, त्यातून निदान मूळ फिनिश आणि कॅलिबर समजतं.

बॅरल

कोल्टच्या बॅरलमध्ये आटे (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा) डावीकडे वळतात, सोळा इंचाला एक फेरा. इतर अनेक बनावटीच्या बॅरलमध्ये ते उजवीकडे. म्हणजे टॉर्च मारून नळीतून बघितलं आणि आटे उजवीकडे गेले तर "सगळं ओरिजिनल कोल्ट आहे" हे वाक्य तिथेच तपासायला हवं. मॅच बॅरल (स्पर्धेसाठीचं अचूक बॅरल) बदलून घातलेलं असणं ही तशी चांगलीच गोष्ट, पण कुणी जुळवलंय ते महत्त्वाचं. सरकारी मापाचं बॅरल ५ इंच म्हणजे १२७ मिलिमीटर, कमांडर या आखूड मॉडेलचं सव्वाचार इंच.

स्लाइड पूर्ण पुढे असताना इजेक्शन पोर्टमधून (रिकामं काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीतून) दिसणारा बॅरलचा मागचा भाग अंगठ्याने खाली दाबा. हलला नाही पाहिजे. स्प्रिंगसारखा खाली जाऊन वर आला तर लॉकअप (बॅरल आणि स्लाइडची घट्ट पकड) ढिलं आहे. स्लाइड आणि फ्रेममधला थोडा खडखडाट मात्र आम्ही एवढा मनावर घेत नाही, जुनी सैनिकी पिस्तुलं खडखडतात आणि बिनतक्रार चालतात. नेम सांभाळतो तो बॅरल आणि स्लाइडचा मेळ. पिस्तूल उघडल्यावर बॅरलच्या वरच्या लग्सच्या (स्लाइडमध्ये अडकणाऱ्या उंचवट्यांच्या) कडा चौकोनी आहेत का बघा, गोल झालेल्या किंवा चेपलेल्या असतील तर खर्च मोठा.

फीड रॅम्प (काडतूस चेंबरमध्ये चढतं तो उतार) जास्त घासलाय का हे नक्की बघा, कारण ही चूक गोळी झाडणाऱ्याला इजा करू शकते. फ्रेमचा रॅम्प आणि बॅरलचा रॅम्प यांच्यात साधारण पाऊण मिलिमीटरची पायरी राहायला हवी. बॅरलचा रॅम्प कुणी खोल घासला की काडतुसाच्या बुडाला आधार राहत नाही, तिथे पितळ फुगतं आणि वाईट वेळी फुटतं. झाडलेली चार रिकामी काडतुसं विकणाऱ्याकडे मागा, बुडाजवळ एका बाजूला पोट आलेलं दिसलं तर ते बॅरल वापरायचं नाही.

तडे बघायचे दोन ठिकाणी, एक स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड मागे अडवणाऱ्या खटक्याच्या) खाचेवरची फ्रेमची बारीक पट्टी आणि दुसरं इजेक्शन पोर्टच्या कोपऱ्याजवळ स्लाइडवर. पट्टीवरचा तडा जुन्या पिस्तुलांत सापडतो, पुढे कोल्टने ती पट्टीच काढून टाकली. पोर्टजवळचा तडा म्हणजे स्लाइड बाद.

ट्रिगर, इथे घाई नको

आमच्या सुरुवातीच्या दिवसांत आम्ही स्वतः एक पिस्तूल विकत घेतलं होतं, ट्रिगर इतका हलका आणि स्वच्छ की आम्ही दोघंही खूश, बाकी तपासणी अर्धवट सोडली, आणि रेंजवर पहिली गोळी झाडल्यावर स्लाइड पुढे आली तसा हॅमरही (फायरिंग पिनवर आदळणारा घोडा) तिच्यामागून खाली आला. नशिबाने अर्ध्या खाचेवर, म्हणजे त्याला मध्येच अडवणाऱ्या खाचेवर, अडकला. उघडून बघितलं तर हॅमर चढलेला धरून ठेवणाऱ्या त्याच्या हुकांवर कुणीतरी हाताने दगड चालवला होता, दोन्ही हुक वेगवेगळ्या उंचीचे. चांगल्या कामात हुक सुमारे अर्धा मिलिमीटर उंच असतात आणि अगदी सारखे, यात केसाएवढी चूकही चालत नाही. त्या दिवसापासून खालच्या तपासण्या केल्याशिवाय आम्ही एकही पिस्तूल घेत नाही.

मालकाची परवानगी घेऊन, रिकाम्या पिस्तुलावर : हॅमर चढवा, ग्रिप सेफ्टी न दाबता ट्रिगर ओढा, हॅमर पडता कामा नये. मग थंब सेफ्टी लावा, पकड नीट धरून ट्रिगर जोरात ओढा, सोडा, सेफ्टी काढा, ट्रिगरला हात न लावता हॅमर तिथेच राहिला पाहिजे. आता पिस्तूल कानाजवळ आणा, नळीचं तोंड दुसरीकडे, आणि हॅमर अंगठ्याने जरासा मागे ओढा. बारीक टिक् आवाज आला तर सेफ्टी लावलेली असतानाही सिअर (हॅमर अडवून धरणारा खटका) सरकला होता आणि आता परत जागेवर बसला, म्हणजे सेफ्टी नीट बसवलेली नाही. हा आवाज शांत खोलीतच ऐकू येतो, गर्दीत तपासू नका. शेवटी ट्रिगर दाबून हॅमर पाडा आणि ट्रिगर दाबलेलाच ठेवून स्लाइड हाताने मागे नेऊन पुढे आणा, हॅमर चढलेला राहिला पाहिजे, आणि ट्रिगर सोडून परत दाबल्यावरच पडला पाहिजे. एकदा दाबल्यावर दोन गोळ्या सुटणारं पिस्तूल धोक्याचं तर आहेच, बऱ्याच ठिकाणी कायद्यानेही ते वेगळ्याच वर्गात जातं.

ट्रिगरचं वजन साडेतीन ते चार पाउंड, म्हणजे १.६ ते १.८ किलो, कस्टम पिस्तुलाला भरपूर झालं. दोन पाउंडाचा ट्रिगर स्पर्धेतल्या जाणकारासाठी ठीक, स्वसंरक्षणासाठी किंवा नवशिक्यासाठी आम्ही तो बसवून देत नाही आणि असलेला वाढवून देतो.

सिरीज ८० असेल तर स्लाइड काढून फायरिंग पिन मागून पंचने दाबा, प्लंजर न दाबता पिन पुढून बाहेर यायला नको. आली तर हलक्या ट्रिगरच्या नादात कुणीतरी आतले पार्ट काढून ठेवलेत.

घेतल्यावर

सगळ्या स्प्रिंगा बदला, विकणारा काहीही म्हणो. पाच इंची पॉइंट ४५ कॅलिबरच्या पिस्तुलाला रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे आणणारी स्प्रिंग) साधारण १६ पाउंडाची असते, पण टार्गेटसाठी हलकी काडतुसं वापरणाऱ्याने त्यात १२ ची घातलेली असू शकते आणि पूर्ण ताकदीच्या काडतुसांनी मग फ्रेमला मार बसतो. एक्स्ट्रॅक्टरचा (काडतूस चेंबरमधून ओढून काढणाऱ्या आकड्याचा) ताण डमी म्हणजे दारू नसलेल्या काडतुसाने बघून घ्या, स्लाइडमध्ये सरकवलेलं काडतूस हलकं हलवल्यावर पडायला नको. पहिल्यांदा झाडताना मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा, मग दोन, आणि दोन्ही वेळा हॅमर नीट चढलेला राहतोय हे बघूनच पूर्ण मॅगझिन भरा.

तपासणीसाठी आणताना पिस्तूल रिकामं, केसमध्ये, परवाना सोबत, काडतुसं वेगळ्या डब्यात. सोबत जुने काढलेले पार्ट असतील तर तेही आणा, मूळ बॅरल किंवा मूळ हॅमर एखाद्या पिशवीत पडलेला असतो आणि ओळख पटवायला त्याच्याइतकी मदत दुसऱ्या कशाची होत नाही. आम्ही पिस्तूल तुमच्यासमोर उघडतो, फ्रेम, स्लाइड आणि बॅरल यांची वेगवेगळी नोंद फोटोसकट लिहून देतो, आणि जे ठरवता आलं नाही त्याच्यासमोर "ठरवता आलं नाही" असंच लिहितो.